घड्याळात दिसतं तेच

चंदीगडला विद्यार्थी असताना मी एक फोटो उलटा छापला. उलटा म्हणजे खाली डोकं वर पाय असा नव्हे. आरशात दिसतो तसा, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. त्याबद्दल मला पुढं दोन प्रश्न विचारले गेले आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला माहीत नाही. ज्या मुलामुलींना मी इतकी वर्षं वर्तमानपत्राची पानं लावायला शिकवली त्यांना तर नाहीच. त्यांना मी छायाचित्राच्या खरेपणावर दर वर्षी पाऊण तास बोलतो. चांगलं होतं म्हणतात.

या अंकाच्या संपादकांनी सुचवलं होतं ते वेगळंच. पानं लावण्याच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, म्हणाले, वाचकांना आवडतात. गमती पुष्कळ आहेत, एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलो की दर वेळी हीच पुढं येते.

आधी धंद्याविषयी. बातमी लिहिणाऱ्याचं नाव छापून येतं, फोटो काढणाऱ्याचं येतं. पान लावणाऱ्याचं येत नाही, आणि येऊ नये अशीच या कामाची रीत आहे. वाचकाला पान कुणीतरी लावलंय हे जाणवलंच नाही तर काम जमलं. म्हणजे आयुष्यभर आपण तिथं नव्हतोच असं भासवायचं. माझ्यासारख्याला हा धंदा मानवला यात नवल नाही.

मी या धंद्यात आलो तो गुणवत्तेवर नव्हे. माझे वडील हवाई दलात वॉरंट ऑफिसर. मूळ कराडकडचे. बदली होत होत आम्ही चंदीगडला पोचलो आणि मी तिथल्या विद्यापीठात पत्रकारितेला प्रवेश घेतला. विभागाचं एक सरावाचं वर्तमानपत्र होतं, विद्यार्थ्यांनीच लिहायचं आणि विद्यार्थ्यांनीच काढायचं. पहिल्या आठवड्यात कामाची वाटणी झाली. ज्यांची इंग्रजी चांगली ते बातमीदार, ज्यांची पंजाबी चांगली ते शहरात फिरणार, ज्यांची हिंदी चांगली ते उपसंपादक. माझी मराठी चांगली होती. मला मांडणीला टाकलं.

मांडणी शिकवायला मल्होत्रा सर होते. नाकावर चष्मा, खिशात लाल पेन्सिल, आणि पान हातात घेतलं की ते आधी उलटं धरून बघायचे, म्हणजे मजकूर वाचला जात नाही आणि नुसती रचना दिसते. त्यांचे नियम मोजके होते. पोकळी दिसली की काहीतरी कोंबू नका. फोटोखाली दिवस लिहिल्याशिवाय फोटो छापू नका. माणसाची नजर पानाच्या आत हवी. पानाच्या कडेला बसलेला माणूस बाहेर बघत असेल, तर वाचकही त्याच्यामागं बाहेर जातो. आणि काही झालं तरी फोटो उलटवू नका. सर म्हणायचे, फोटो साक्षीदार असतो. साक्षीदाराचा हात पिरगाळून त्याला दुसऱ्या बाजूला बघायला लावणं ही पत्रकारिता नव्हे. माझ्या आधीच्या वर्षी एकानं असं केलं होतं. त्याला सरांनी प्रात्यक्षिकात नापास केलं.

नियम सांगायला सर होते, हात शिकवायला गुरमेल सिंग. वय पस्तिशीचं, विभागात रोजंदारीवर, हुद्दा काय होता ते कुणालाच धड माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्यांना पाजी म्हणायचो. पंजाबीत पाजी म्हणजे थोरला भाऊ. मी घरी पहिल्यांदा 'पाजी असं म्हणाले, पाजी तसं म्हणाले' सुरू केलं तेव्हा आईनं मला बाजूला घेतलं आणि शिकवणाऱ्या माणसाला असं बोलतात का, असं दरडावलं.

तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. मजकूर लांब चकचकीत पट्ट्यांवर यायचा, त्याला ब्रोमाइड म्हणत. त्या पट्ट्या कापायच्या, मागं रबर सोल्युशन लावायचं आणि फिकट निळ्या रेघा आखलेल्या मोठ्या कागदावर चिकटवायच्या. निळ्या रेघा अशासाठी की त्या माणसाला दिसतात पण छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. पाजींना त्या रेघांचीही गरज नसे. डोळा बारीक करून ते पट्टी ठेवायचे आणि ती सरळ असायची. मी पट्टी ठेवली की ते मागून यायचे, बोटानं केसभर सरकवायचे आणि म्हणायचे, "हुण साह लै सकदी ए." आता तिला श्वास घेता येतो. एका ओळीत आणि दुसऱ्या ओळीत किती जागा सोडायची याचं याहून चांगलं वर्णन मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

ते मोहालीपलीकडच्या एका गावातून सायकलनं यायचे. शहराच्या हद्दीवर वाळूची पोती रचलेली, मागं बंदुका. तिथं उतरायचं, हात वर करायचे, डबा उघडून दाखवायचा. संध्याकाळी जाताना परत तेच. पंजाबातल्या दहशतवादाचे, बस थांबवून माणसं उतरवायचे दिवस होते ते, आणि पगडीवाला तरुण दिसला की त्याला जरा जास्त वेळ बाजूला उभं करायचे. पाजी म्हणायचे, माझ्या डब्यात काय असतं ते माझ्या बायकोपेक्षा त्या पोत्यामागच्या शिपायाला जास्त माहीत आहे. एकदा आईनं त्यांच्यासाठी पुरणपोळ्या दिल्या. त्यातल्या दोन त्या शिपायांनी तपासणीत खाल्ल्या आणि उरलेली एक पाजींनी घरी नेऊन चौघांत वाटली. दुसऱ्या दिवशी आईला निरोप आला, चौकीवर विचारताहेत, परत कधी.

आता फोटो.

वर्षाच्या शेवटच्या अंकात एक पान होतं, 'हा अंक कसा निघतो' असं काहीतरी. ते पूर्ण माझं पान होतं. त्यावर दिल्लीच्या एका वर्तमानपत्रातली उमेदवारी अवलंबून होती. तिथले संपादक सरांचे जुने स्नेही, सर एका विद्यार्थ्याचं पान पाठवणार आणि पसंत पडलं तर त्याला घेणार. मला ती जागा हवी होती. वडिलांची पुढची बदली ठरत आली होती आणि माझं काय करायचं, हा विषय रोज रात्रीच्या जेवणात भाजीसारखा वाढला जायचा.

पानासाठी मी पाजींचा एक फोटो काढला. त्या दिवशी शहरात काहीतरी होणार अशी आवई उठली होती, अशा आवया आठवड्यातून दोनदा उठायच्या, आणि एक वाजेपर्यंत विभाग रिकामा झाला. माझी छावणीची बस चारला होती म्हणून मी थांबलो. पाजी हातातलं पान पुरं करायचं म्हणून थांबले. बाकी इमारतीत कुणी नव्हतं. खिडकीतून चांगला उजेड येत होता. पाजी तिरप्या टेबलाशी बसून माझ्या डावीकडे मान वळवून काहीतरी बघत होते, मागच्या भिंतीवर घड्याळ. मी फोटो काढला. घड्याळात तीनला दहा कमी होते. ते घड्याळ आधुनिक होतं. चंदीगड हे असं शहर की वस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. आणि आमच्या घड्याळाला आकडे नव्हते, नुसत्या बारा रेषा होत्या.

फोटो सुरेख आला. पान लावायला घेतलं तेव्हा अडचण कळली. फोटोला जागा होती ती पानाच्या डाव्या कडेला, आणि पाजी बघत होते डावीकडे. म्हणजे थेट पानाबाहेर. फोटो उजवीकडे न्यायचा तर दोन रकाने उखडून परत लावायला लागले असते, आणि पान दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचं होतं. मी अंधाऱ्या खोलीत गेलो. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू खाली ठेवून फोटो छापायचा असतो. मी ती वर ठेवली. बस, एवढंच. पाजी उजवीकडे बघायला लागले, पानाच्या आत. हात दिसत होते ते मी कापून टाकले, म्हणजे कुठल्या हातात कडं आहे हा प्रश्न नको. उरलं डोकं, खांदे आणि घड्याळ. घड्याळाकडे मी रचनेतला एक गोल म्हणून बघितलं. ते वेळही दाखवतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. फोटोखाली नियमाप्रमाणे दिवस लिहिला.

सरांनी पान उलटं धरून बघितलं, मग सुलटं. म्हणाले, याला म्हणतात पान. ते दिल्लीला पाठवलं.

फोटो उलटा आहे हे एकाच माणसाला कळलं. पाजींनी अंक हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि मग पगडीला हात लावला. पगडीच्या घड्या प्रत्येकाच्या ठरलेल्या बाजूला पडतात, इतकी वर्षं रोज सकाळी आरशासमोर बांधलेली असते. "मेरा लड़ इस तरफ़ कदों तों आण लग पया?" ते म्हणाले, आणि हसले. माझी घडी या बाजूला कधीपासून पडायला लागली? त्यांनी अंक घडी करून पिशवीत ठेवला. सरांना सांगितलं नाही. वर मला म्हणाले की वाईट नाही झालं, निदान पानात तरी आम्ही आत बघतोय.

चौथ्या दिवशी ते कामावर आले नाहीत.

झालं होतं असं. ज्या दिवशी मी फोटो काढला त्याच दुपारी तीनच्या सुमारास त्यांच्या गावाजवळच्या रस्त्यावर गोळीबार झाला होता. पळताना दिसलेल्या एकाचं वर्णन कुणीतरी दिलं होतं: तिशी-पस्तिशीचा, निळी पगडी, सायकल. त्या रस्त्यावर तसल्या वर्णनाशिवायचा माणूस शोधणं जास्त अवघड. तरी गावातल्या काही जणांना उचललं, त्यात पाजी. त्यांनी सांगितलं, मी त्या वेळी विद्यापीठात कामावर होतो. आणि पुरावा म्हणून स्वतःच पिशवीतून आमचा अंक काढून दिला. त्यात त्यांचा फोटो होता, खाली दिवस होता, मागं घड्याळ होतं.

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

वाचकांनी हवं तर घरातलं घड्याळ आरशात बघावं. तीनला दहा कमी असतील तर आरशात नऊ दहा दिसतात. मी त्यानंतर पुष्कळदा बघितलं आहे.

पाजींना तेव्हा आठवलं. ते म्हणाले, फोटो उलटा छापलाय, मुलाला विचारा. म्हणून साध्या कपड्यातले दोघं विभागात आले. दोघांपैकी कुणीच पगडीवाला नव्हता. असता तर त्यानं घड्या ताडून बघितल्या असत्या आणि पुढचं कदाचित घडलं नसतं. मल्होत्रा सरांच्या खोलीत त्यांनी चहा घेतला. सरांनी मला बोलावलं. अंक टेबलावर होता. सरांनी मला खुर्ची दिली नाही आणि दरडावलंही नाही. ते म्हणाले की गुरमेल म्हणतोय तू फोटो उलटवलास. तसं काही झालंय का?

त्यांच्या आवाजात होकाराची अपेक्षाच नव्हती. हा प्रश्न त्या दोघांसाठी विचारायचा म्हणून विचारत होते. माझा विद्यार्थी असं करणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं असावं.

मी म्हणालो, "नाही सर."

मग त्या दोघांतला एक, बशीत चहा ओतता ओतता, मला म्हणाला, तर मग हा फोटो किती वाजता काढलास?

मी हिंदीत म्हणालो, "घड़ी में जो दिख रहा है, वही."

सरांनी निगेटिव्ह मागितलं. ते मी पाणी लागून खराब झालं म्हणून टाकून दिल्याचं सांगितलं. ते त्या वेळी माझ्या पाठीवरच्या पिशवीत, इंग्रजी शब्दकोशाच्या पानांत होतं. खोटं दोनदा बोललो असं वर लिहिलं. मोजून बघता तीनदा.

का, याची कारणं माझ्याकडे व्यवस्थित लावलेली आहेत, पानासारखी. भीती होती, उद्या मलाच चौकीवर बसवतील, वडिलांच्या नोकरीवर येईल. वडील रोज सांगायचे की आपण इथं तीन वर्षांचे पाहुणे, कुणाच्या भानगडीत पडायचं नाही. दिवस तसे होते, मोठमोठे लोक गप्प होते. हे सगळं खरं आहे. पण त्या खोलीत उभा असताना माझ्या मनात यातलं काहीही नव्हतं. मनात एवढंच होतं की सर मला नापास करतील आणि दिल्ली जाईल. एखादा माणूस कुठं आणि कसा बसलेला आहे, याचा विचार त्यानंतर आला. बसमधून घरी जाताना. तेव्हाही मी उतरून परत गेलो नाही. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या ही फार सोयीची जागा आहे. मी तिथं अठरा दिवस राहिलो.

त्या अठरा दिवसांत दिल्लीहून पत्र आलं. पान पसंत पडलं होतं. विशेषतः डाव्या बाजूचा फोटो, त्यांनी लिहिलं होतं, सगळं पान आत ओढून घेतो. आईनं शिरा केला. वाढताना म्हणाली, "तुझ्या पाजींना दे की नेऊन डब्यातनं. येईनात का रं हल्ली?" मी म्हणालो, सुट्टीवर आहेत.

मग दुसराच कुणीतरी सापडला, आणि पाजींना सोडून दिलं. माझ्या साक्षीची गरज लागली नाही. गरज संपली याचा मला आनंद झाला होता, हेही आता लिहून टाकतो.

सुटल्यावर दहाएक दिवसांनी ते विभागात आले, सकाळची वेळ होती. स्वतःची लोखंडी पट्टी आणि डबा न्यायला आले होते. रोजंदारी होती, ती पुढं चालू ठेवायची नाही असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते कुणी सांगितलं नाही. मी टेबलाशी बसून नव्या वर्षाच्या माहितीपत्रकाचं पान लावत होतो. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले. एक मथळा तिरका होता, मलाही दिसत होता. सवयीनं त्यांचा उजवा हात टेबलावरच्या ब्लेडकडे गेला. दोन बोटं मिटेनात. त्यांनी परत प्रयत्न केला आणि मग हात मागं घेतला, आणि म्हणाले, "तू कर."

मी मथळा उचलला. परत ठेवला.

"थोड़ा ऊपर," ते म्हणाले. "बस."

ती पट्टी शेवटी त्यांनी नेली नाही, मला दिली. मला लागेल, म्हणाले. दारापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही, त्यांना माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "दस्स देंदा, यार." सांगून टाकायचंस. रागानं नव्हे. ओळीत जास्त जागा सुटली की म्हणायचे त्या सुरात.

त्यानंतर मी दिल्ली, मग पुणं, मग जवळपास तीस वर्षं पानं. आता संपादकांना हव्या त्या गमती. एकदा आमच्या लग्नसराईच्या पुरवणीत, अगदी याच कारणासाठी, नजर आत यावी म्हणून, सायली नावाच्या नव्या मुलीनं नवरीचा फोटो उलटवला. आता त्याला अंधारी खोली लागत नाही, कॉम्प्युटरवर एक टिचकी मारली की झालं. पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेला. सकाळपासून फोन. सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी तर विचारलं की मराठी नवरीला तुम्ही परस्पर गुजरातेत दिलीत, ते तिच्या आईबापांना कळवलंत का. सगळं ऑफिस हसत होतं. मी सायलीला खोलीत बोलावून इतकं बोललो की ती रडत बाहेर गेली आणि महिन्याभरात नोकरी सोडून गेली. साक्षीदाराचा हात पिरगाळणं, वगैरे सगळं मी तिला ऐकवलं. मल्होत्रा सरांची वाक्यं मला तोंडपाठ होती. तिनं निदान विचारल्याबरोबर कबूल केलं होतं, हे माझ्या लक्षात आलं ते ती गेल्यावर.

दुसरी गंमत एका पुढाऱ्याची. पहिल्या पानावर त्यांचा फोटो पानाबाहेर बघत होता, आणि त्यांच्या माणसाचा निरोप होता की साहेब जनतेकडे बघताना दिसू देत. मालकांचाही फोन आला. मी उलटवला नाही. पान तीनदा मोडून लावलं आणि फोटो पलीकडे नेला. या हट्टाची गोष्ट झाली. पुढं एका संस्थेनं मला पत्रकारितेतल्या नीतिमूल्यांसाठी सन्मानपत्र दिलं. त्यात लिहिलं आहे की यांनी कारकिर्दीत एकही छायाचित्र उलटवलं नाही. मसुदा मला आधी वाचायला पाठवला होता. मी त्यात एक ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत पाठवला.

काही वर्षांपूर्वी मोहालीत एका कार्यशाळेसाठी गेलो होतो. वाळूची पोती केव्हाच गेली, तिथं आता काचेच्या इमारती आहेत. मोकळ्या दुपारी टॅक्सी करून पाजींच्या गावापर्यंत गेलो. गाव आता गाव राहिलेलं नाही, गाड्यांच्या रांगेतला एक थांबा आहे. गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याला नाव विचारलं. तो म्हणाला, कुठला गुरमेल, तो ज्याला उचलून नेला होता तो? घर दाखवलं. इतक्या वर्षांनी त्यांची ओळख तीच होती. पाजी अंगणात खाटेवर बसले होते, पांढरी दाढी, निळी पगडी. नात असावी, ती काहीतरी लिहीत होती आणि ते तिच्या वहीकडे डोळा बारीक करून बघत होते. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं वहीतलं काहीतरी केसभर सरकवल्यासारखं केलं. मी टॅक्सीवाल्याला सांगितलं, पत्ता चुकला.

संपादकांना या लेखाबरोबर मी एकच फोटो दिला आहे. शब्दकोशातलं ते निगेटिव्ह या वर्षी पहिल्यांदा बाहेर काढलं, मंद बाजू खाली ठेवून छापून घेतलं. काहीही कापलेलं नाही. हात आहेत, उजव्या मनगटात कडं आहे, बोटं ब्लेडवर नीट मिटलेली आहेत. फोटो डाव्या पानावर, डाव्या कडेला येणार आहे. अंकाची मांडणी करणाऱ्या मुलीचा परवा फोन आला. म्हणाली, सर, हे गृहस्थ बाहेर बघताहेत, फ्लिप करू का? मी म्हणालो, राहू दे तसेच.

हे लिहिताना फार धीर केला असं मला दोनतीन दिवस वाटत होतं. मग लक्षात आलं की मी हे मराठीत लिहितोय, पुण्यात छापलं जाणार आहे, आणि गुरमेल पाजींना, त्यांच्या मुलांना, त्या गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्याला यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. मल्होत्रा सर आता नाहीत. ज्यांच्याशी किंवा ज्यांच्याबद्दल खोटं बोललो त्यांच्यापैकी कुणालाही हे कळणार नाही अशी जागा मी बरोबर शोधून काढली आहे. पानावर जागा शोधणं हाच माझा धंदा.

म्हणून बाकी काय राहिलंय ते इथंच लिहून ठेवतो. फोटो दुपारी तीनला दहा कमी असताना काढला होता, तो मी उलटा छापला आणि विचारल्यावर नाही म्हणालो. हे मला त्या गल्लीत जाऊन, पाजींच्या समोर आणि त्यांच्या घरच्यांच्या देखत, त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.